डॅशबोर्डच्या खणामागे

गाडीतल्या पंख्याचा दुसरा रेझिस्टरही तीन दिवसांत जळाला आणि आमच्या घरात गाडी विकायची गोष्ट निघाली.

म्हणजे गाडी हे निमित्त. बंद करायचं होतं अप्पांचं गाडी चालवणं. अप्पा माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी थोरल्या बहिणीला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेतात. त्यांच्या दिवसाचा तोच कणा. पण थंडीत काचेवर आतून वाफ धरते आणि पंख्याने गरम हवा फेकली नाही तर पुढचं काही दिसत नाही. तसंच झालं, आणि फाटकाच्या खांबाने बंपरचा मुका घेतला.

"खांब तर जागचा हलला नव्हता ना, अप्पा?" नवऱ्याने जेवताना विचारलं. "रविवारी एक जण गाडी बघायला येतोय."

अप्पा ताट संपवून उठले. शनिवारी सकाळी मात्र स्वयंपाकघराच्या दारात स्क्रू ड्रायव्हरचा डबा घेऊन उभे राहिले.

"सूनबाई, शेवटचं एकदा बघतेस?"

मिक्सर, पंखे, कपडे धुण्याचं मशीन हे सगळं मी उघडून, वाचून आणि अधूनमधून शॉक खाऊन शिकले. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा तो बोटभर रेझिस्टर गाडीत पहिल्यांदा बदलला तोही मीच. त्यामुळे माझंही नाक त्या डॅशबोर्डमध्ये अडकलेलं होतं.

अप्पांनी इंजिन चालू केलं. एकवर पंखा गप्प. दोनवर गप्प. तीनवरही. चारवर एकदम घरघर.

"फ्यूज गेलाय का?"

"फ्यूज गेला असता तर चारवरही बोंब असती, अप्पा. चारला रेझिस्टर लागत नाही, म्हणून तेवढं चालतंय."

"मग मोटर?"

"मोटर बिचारी जीव तोडून फिरतेय. ऐका की."

मी जाळीसमोर तळहात धरला. आवाज एवढा मोठा, आणि हवा? झोपलेल्या माणसाचा श्वासही याहून जोराचा असतो. मी चपापले. गेल्या वेळी जळका तुकडा दिसला, नवा बसवला आणि हात झटकले होते. तो जळला का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. रेझिस्टर पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेला असतो. वारा त्याला थंड ठेवतो. वारा अडला की तो तापून जळणारच.

"हवा कुठेतरी अडतेय. फिल्टर कधी बदलला होता?"

"महिना झाला. मी स्वतः बदललाय. त्याच्या वाटेला जाऊच नकोस, कोरा करकरीत आहे."

मी किल्ली काढून घेतली, डॅशबोर्डचा खण दोन्ही बाजूंनी दाबून बाहेर ओढला आणि मागची पट्टी सरकवली. फिल्टर खरोखर कोरा होता. इतका, की अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात होता. हवेची वाट दाखवणारा त्यावरचा बाण मात्र बरोबर दिशेला.

आमच्याकडे नव्या वस्तूचं कव्हर काढणं म्हणजे तिचं आयुष्य तोडणं. रिमोट पिशवीत, गादी प्लॅस्टिकमध्ये, चष्म्याच्या डबीलाही डबी.

"धूळ बसू नये म्हणून ठेवलं," अप्पा म्हणाले.

"अहो अप्पा, धूळ खायलाच तर बसवलाय त्याला!"

मला हसू आवरेना. तेही हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"म्हणजे काच मीच आंधळी केली."

मला त्यांचं तोंड बघवेना. "ह्यांना सांगू, वायर सैल होती म्हणून. तुमच्या-माझ्यात राहील."

अप्पांनी प्लॅस्टिकची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मी तिसरा रेझिस्टर आणला. दोन स्क्रू, एक जोडणी, उघडा फिल्टर जागेवर. तोवर आमच्या श्वासांनी काच पार पांढरी झाली होती. इंजिन गरम झाल्यावर अप्पांनी बटण एकवर आणलं. फुंकर आली. दोन, तीन, चार. काच खालून वर साफ होत गेली आणि पलीकडे हाताची घडी घातलेला माझा नवरा दिसायला लागला.

अप्पा खाली उतरले. खिशातली घडी त्याच्या हातात दिली.

"हे फिल्टरवरून काढायचं राहिलं माझ्याकडून. हवा त्यानेच अडली."

नवऱ्याने प्लॅस्टिक उलटसुलट करून पाहिलं. "आणि खांब?"

"तोही माझाच. दिसत नव्हतं तर थांबायला हवं होतं. उशीर होतोय म्हणून पुढे घेतली. चुकलं."

नवरा भांडायच्या तयारीने आला होता, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. आता ते खांदे कुठे ठेवावेत, हे त्याला कळेना.

"पुढच्या वेळी नाही दिसलं तर?"

"गाडी बाजूला घेईन. तुला फोन करीन."

"कराल?"

"आत्ता सांगितलं ना? यापेक्षा अवघड आहे का ते?"

नवऱ्याने खिशातून फोन काढला. आमच्याकडे पाठ करून बोलला, पण ऐकू यायचं ते आलंच. "नाही, उद्या येऊ नका. गाडी लागते आम्हाला घरात."

फोन ठेवून तो म्हणाला, "आठवडाभर मी शेजारी बसून येणार. आत्याला सांगा, तिने मागे बसायचं."

"तूच सांग. माझं ऐकते का ती?" अप्पा गाडीत जाऊन बसले. "आणि बसायचंच असेल तर आत्ताच बस. तिची वेळ झालीय."

तो बसला. अप्पांनी गिअरवरचा हात काढून घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"आता काय?"

"पट्टा लाव आधी."