नोर्तेनंतरची सकाळ

हॉटेलच्या गुळगुळीत पत्रकात छापलंय की इथे यायला वर्षाचे बाराही महिने उत्तम. ज्याने हे लिहिलं त्याने या किनाऱ्यावर आयुष्यात एक चादर झटकलेली नाही.

नेल्मी पोओतने एकोणीस वर्षं झटकल्या होत्या. दिवसाला सोळा खोल्या, सुट्टी आठवड्यातून एक. कानकूनच्या दक्षिणेला या पट्ट्यात कधी यावं, हे विचारायचं तर तिला. आणि लोक विचारायचेही. हॉटेलात फोनवर बसणाऱ्या पोरी परक्या गिऱ्हाइकाला पत्रक वाचून दाखवायच्या, पण स्वतःची बहीण, मेहुणा, मावशी यायची असली की जिना उतरून खाली यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "नेल्मीताई, खरं काय ते सांग."

नेल्मी आकाश बघत नसे. ती बिछाना बघायची. एप्रिलात, ईस्टरच्या पवित्र आठवड्याच्या गर्दीनंतर, उशीच्या अभ्र्यांना कोरफडीचा हिरवा चिकटा लागलेला असायचा. तो भाजलेल्या पाठींचा. जुलै-ऑगस्टात पंचांवर तपकिरी डाग आणि सडक्या अंड्याचा वास यायचा, म्हणजे सारगासो आला. समुद्रातलं ते शेवाळ किनाऱ्यावर ढिगाने येऊन पडतं, कुजतं, आणि मग हॉटेलवाले पाहुण्यांना पोहण्याच्या तलावाकडे पिटाळतात. सप्टेंबरात चादरींवर रक्ताचे टिपके, हाताने चिरडलेल्या डासांचे. जानेवारीत कपाटातली जादा ब्लँकेटं बाहेर निघालेली आणि नाक पुसलेल्या कागदांनी टोपली भरलेली.

आणि मग ऑक्टोबर सरत असताना कधीतरी पहिला नोर्ते येतो. उत्तरेचा वारा. एखादा दिवस तो सगळं झोडपून काढतो, शेवाळ आत खोल ढकलतो, डास कुठच्या कुठे उडवून देतो. तो गेला की दोन-चार दिवस असे येतात की चादरीत सापडते नुसती वाळू. पांढरी, कोरडी, पिठासारखी. एका झटक्यात पडून जाणारी. ना तेल, ना रक्त, ना वास.

"ज्यांच्या अंथरुणात नुसती वाळू सापडते," नेल्मी म्हणायची, "ती माणसं सुखात होती असं समज."

ही विद्या तिला कुणी शिकवली नाही. ती ज्या साहेबांच्या गाद्या उचलत होती त्यांच्यापैकी एकालाही ती अवगत नव्हती, आणि जाडजूड पगार मात्र त्यांना होता.

एका माणसाचा यावर विश्वास नव्हता. तिची आई, डोनिया सेफेरिना.

अकरा वर्षांपूर्वी आई एकदाच समुद्र बघायला आली होती. व्हायादोलिदच्या पलीकडच्या गावातून, तीन तास बस, ऑगस्टच्या मध्यावर. किनारा गुडघाभर शेवाळाने भरलेला. आईने नाकाला शालीचा पदर लावला, पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "गाव सोडलंस, भरतकामाची चौकट सोडलीस, ते या गटारासाठी?" परत गेल्यावर तिने अख्ख्या गावाला सांगितलं की माझी पोरगी गटाराकाठी कामाला आहे. तेव्हापासून नेल्मी गावी गेली की कुणी ना कुणी विचारायचंच, "काय गं, गटार कसं आहे?" हसण्यावारी न्यायची ती, पण अकरा वर्षं ते आत रुतून बसलं होतं. आईकडून तिला एवढंच हवं होतं. एकदा म्हणावं, की हो, यासाठी माणूस गाव सोडेल.

यंदा हॉटेलने तिला बक्षीस दिलं. समारंभ केला, केक कापला, फोटो काढला, आणि हातात एक चिठ्ठी ठेवली. एका सोबत्यासह दोन रात्री पाहुणी म्हणून राहायचं, समुद्रासमोरच्या खोलीत. एकोणीस वर्षांनी दोन रात्री! चिठ्ठीच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, फक्त एक सप्टेंबर ते एकतीस ऑक्टोबर. म्हणजे ज्या दोन महिन्यांत वादळाच्या भीतीने हॉटेलला कुत्रं विचारत नाही, नेमके ते.

ती कर्मचाऱ्यांच्या साहेबाकडे गेली. व्हियानुएवा त्याचं नाव.

"साहेब, नोव्हेंबर चालेल का?"

"नेल्मी, नेल्मी. फुकट मिळतंय, त्यातही महिना निवडायचाय?"

"फुकट कशाला म्हणता? तुमच्या गाद्या उचलून कंबर गेली माझी."

"माझ्या हातात नाही ते. वरून आलंय." साहेबाने कागद सरकवला. "आणि तारीख तीस दिवस आधी द्यायची. एकदा दिली की बदलणार नाही."

इथेच खरी मेख होती. पहिला नोर्ते कधी येणार हे महिनाभर आधी कुणाला सांगता येतं? तिने आईला फोन केला.

"दोन रात्री? त्याच गटारावर?"

"आई, या वेळी मी दिवस निवडणार आहे."

"समुद्राला काय दिवस? पाणी ते पाणी. बरं, येईन. गुडघे चालतायत तोवर एकदाच येईन. पण परत तसलंच दिसलं तर माझ्यासमोर समुद्राचं नाव काढायचं नाही. आणि पंचवीसच्या आत मला घरी सोडायचं. एकतीसला मेलेल्या लेकरांचे आत्मे घरी येतात. तुझी धाकटी बहीण येते. नैवेद्याचं टेबल कोण मांडणार, तुझा साहेब?"

म्हणजे महिन्याचा शेवटही गेला. खाली धुलाईघरात नेल्मीची मैत्रीण मार्बेली यंत्रातून पंचे ओढत होती. तिने ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"तीस दिवस आधी नोर्तेची तारीख? तू काय देवाच्या घरी फोन करतेस?"

"माझ्या पोराच्या जन्माच्या वर्षी वीसला आला होता. मोठ्या वादळाच्या वर्षी चोवीसला. तुझ्या लग्नाला बावीसला."

"माझ्या लग्नाला मंडप उडाला होता बाई, तारीख मला नको सांगूस."

"बघ ना पण. वीस, बावीस, चोवीस."

"आणि पंधराला आला तर? की तीसला?"

"तर मग मेले मी."

तिने एकवीस ते तेवीस लिहून दिलं. तीस दिवस ती चादरी बघत राहिली. ऑक्टोबरची पंधरा आली, रक्ताचे टिपके तसेच. अठरा आली, पंचांना वास तसाच. वारा काही फिरेना.

एकवीसला दुपारी डोनिया सेफेरिना टॅक्सीतून उतरली. अंगात पांढरा हिपील, गावाकडचा सैल झगा, गळ्याला आणि घेराला स्वतः भरलेली फुलं, खाली लेसचा परकर, खांद्यावर शाल, हातात गाठोडं. नेल्मी तिला पुढच्या दाराशी घेऊन आली तसा तिथल्या पहारेकऱ्याने, एल्मेरने, हात आडवा केला. तो त्यांच्या पलीकडच्याच गावचा.

"नेल्मी, अगं घरच्यांना मागच्या दाराने..."

"एल्मेर, ही चिठ्ठी वाच."

"वाचली गं. पण वरून सांगितलंय की..."

"हिपील घातलेली बाई तुमच्या दर्शनी भिंतीवर पाच फूट उंच रंगवून ठेवलीय. ती चालते. जिवंत आली की मागचं दार?"

एल्मेरने हात खाली घेतला. त्याचे कान लाल झाले होते. डोनिया सेफेरिना त्याच्यासमोर थांबली. "तू होनोरिओचा मुलगा ना? आईला सांग, सेफेरिना पुढच्या दाराने गेली." आणि गेली.

खोलीत शिरल्यावर तिने पहिल्यांदा भिंती चाचपल्या.

"खुंट्या कुठायत?"

"कसल्या?"

"झोपायची झोळी टांगायच्या. एवढी श्रीमंती आणि झोळीला खुंटी नाही? माणसं झोपतात कुठे?" तिने पलंगाकडे संशयाने पाहिलं. मग चादरीचा ताणून खोचलेला कोपरा उचलला, उलटा केला, पुन्हा खोचला. "हे कोण करतं?"

"आज मार्बेलीने केलं. रोज मी करते."

"सोळा?"

"सोळा खोल्या. असे कोपरे चौसष्ट."

आईने कोपऱ्यावरून हात फिरवला. भरतकामाची पाठची बाजू तपासताना फिरवायची तसा.

मग नेल्मीने गच्चीचं दार उघडलं आणि वास आत आला. खाली तपकिरी पट्टा पसरलेला, दोन ट्रॅक्टर तो उपसतायत, आणि पाण्याचा रंग पातळ कॉफीचा. आईने खुर्चीसुद्धा घेतली नाही.

"हं," ती म्हणाली. एवढंच. त्या 'हं'मध्ये अकरा वर्षं होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे काचा थरथरायला लागल्या. नोर्ते आला होता. महिनाभर वाट बघितली तो आला, पण एक दिवस उशिरा! समुद्र करड्या रंगाचा झाला, लाटा एकमेकींच्या अंगावर धावल्या, किनाऱ्यावर लाल झेंडा चढला. नारळीच्या झावळ्या तुटून तलावात पडत होत्या. दिवसभर दोघी खोलीत बसल्या आणि आईने गावाहून आणलेल्या भाकऱ्या उकडलेल्या अंड्यांबरोबर खाल्ल्या, कारण खालचं जेवण आईच्या मते "मीठ नसलेलं, पण ताट छान."

"पहिल्यांदा गटार, आता आदळआपट," आई म्हणाली. "तुझा समुद्र माझ्यावर रागावलाय का गं?"

"उद्या बघ, आई."

"उद्या दुपारी बस आहे."

नेल्मी पडून राहिली, पण डोळा लागेना. वाऱ्याचा आवाज ऐकत राहिली आणि पडावा म्हणून मनात विनवण्या करत राहिली. उत्तररात्री कधीतरी तो पडला. तो पडला तशी तीही झोपेत कोसळली. एकोणीस वर्षं पाचला उठणारी बाई त्या दिवशी आठला जागी झाली.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. केस विंचरलेले, हिपील घातलेला, गाठोडं बांधून तयार.

"उठलीस? मला वाटलं, पाहुणी झाली तशी मेली."

नेल्मी गच्चीत धावली, आणि तिथेच उभी राहिली. एकोणीस वर्षं हा देखावा तिने पाहिला होता, पण नेहमी हातात झाडू घेऊन, दुसऱ्याच्या गच्चीतून, घाईत. असं अनवाणी उभं राहून कधीच नाही. तपकिरी पट्टा नावालाही नव्हता. किनाऱ्याजवळ पाणी इतकं निवळ, की तळाच्या वाळूवरच्या सुरकुत्या तिसऱ्या मजल्यावरून मोजाव्यात. पुढे कोवळ्या पोपटी रंगाचं, त्याच्यापुढे निळं, आणि दूर जिथे प्रवाळाचा बांध आहे तिथे पांढऱ्या फेसाची एकच रेघ, आखल्यासारखी. हवा धुतलेल्या कपड्यासारखी. या निळ्याला नाव द्यायचा प्रयत्न पत्रकवाल्यांनी खूप केलाय. एकाचंही नाव त्याला लागलेलं नाही.

"चल आई, खाली चल!"

आई खाली आली. फरशीची वाट संपून वाळू सुरू होते तिथेच उभी राहिली. "चपला खराब होतात," म्हणाली. पलीकडे व्हियानुएवा साहेब दोन बड्या पाहुण्यांना हात पसरून समुद्र दाखवत होता, जणू कपाटातून काढून आत्ताच अंथरलाय. आईने त्याच्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं.

"कसा आहे?" नेल्मीने विचारलं.

"पाणी आहे," आई म्हणाली. "बरंच आहे."

आणि वळली.

नेल्मीला रडू आलं नाही. तिला राग आला. समुद्रावर नाही, आईवरही नाही. स्वतःवर, की दोन रात्रींसाठी आपण महिनाभर जीव टांगून ठेवला. वर आल्यावर आई दाराजवळच्या खुर्चीत गाठोडं मांडीवर घेऊन बसली. बसला अजून वेळ होता. नेल्मीचे हात रिकामे राहीनात, म्हणून तिने पलंगावरच्या चादरी काढायला घेतल्या.

"अगं, त्या पोरी करतील ना."

"करू दे मला."

स्वतःची बाजू आधी. दोन केस, बाकी काही नाही. मग आईच्या बाजूचा कोपरा धरला आणि सवयीने एक झटका दिला.

फरशीवर सर्र आवाज झाला.

नेल्मी खाली वाकली. वाळू होती. पांढरी, कोरडी, पिठासारखी. पायथ्याशी मूठभर. तिने चादर नाकाला लावली. कसलाच वास नाही. आई आत्ता खाली वाळूत उतरली नव्हती, आणि वर आल्यापासून पलंगावर बसलीही नव्हती. काल तर खोलीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तिने मान वर केली. आई मांडीवरच्या गाठोड्यावर शालीचा पदर ओढत होती, पण उशीर झाला होता. गाठीतून परकराची लेस बाहेर डोकावत होती, ओली, आणि कडेला सुकलेल्या मिठाची पांढरी रेघ.

"आई."

"काय?"

"कधी गेली होतीस?"

"कुठे?"

"आई!"

"उजाडताना," डोनिया सेफेरिना म्हणाली. "तू घोरत होतीस. तुला उठवायला मी काय तुझी साहेब आहे? परत आले तर तू कूस बदललीस, म्हणून पांघरुणात शिरले."

"पाण्यात गेलीस?"

"गुडघ्यापर्यंत." तिने ओली लेस गाठोड्यात कोंबली. "मांडीपर्यंत. कुणी नव्हतं. मासे पायाला येऊन लागत होते, घाबरत पण नव्हते मेले. मी म्हटलं त्यांना, तुम्ही इथलेच का? गुडघे दुखायचे थांबले बघ. बाहेर आले, पुन्हा सुरू. म्हणून पुन्हा गेले."

"मग खाली 'पाणी आहे' एवढंच का म्हणालीस?"

आईने हनुवटी वर केली. "त्या साहेबासमोर कौतुक करू? त्याने केलाय का तो?"

नेल्मी चादर काढलेल्या गादीवर बसली.

"तुझ्या आत्याला आणायचंय," आई म्हणाली. "तीही गटार गटार करत असते."

"तूच तर सांगितलंस तिला!"

"मग आता मीच सांगेन. तारीख तू काढ. एक दिवस चुकलीस, पण म्हटलं तर बरी काढलीस."

"पुढची चिठ्ठी एकोणीस वर्षांनी मिळेल, आई."

"चिठ्ठी कशाला लागते? वाळूवर बसू. वाळू काय त्यांच्या बापाची आहे?"

दारावर टकटक झाली. मार्बेली कपड्यांची गाडी घेऊन उभी होती, आणि महिनाभराचा प्रश्न तिच्या तोंडावर होता. तिची नजर सरळ फरशीवर गेली.

"नुसती वाळू?"

"नुसती," नेल्मी म्हणाली.

"काय कुजबुजताय दोघी?" डोनिया सेफेरिना उठली, गाठोडं काखेला मारलं आणि दारातून बाहेर पडता पडता भिंतीवर थाप मारली. "आणि त्या साहेबाला सांग, इथे दोन खुंट्या ठोक म्हणावं. माणसांना झोप लागत नाही."