रंगाचा शेवटचा हात

मी रंगाची गन बोलतेय. दचकू नका, गोळीशी माझा काही संबंध नाही. माझ्या डोक्यावर रंगाचा कप, पोटात एक बारीक सुई आणि शेपटीला हवेचा पाइप. घोडा दाबला की हवा सुटते, सुई मागे सरते आणि रंगाचं धुकं बाहेर पडतं. तुमच्या गाडीच्या दारावर कुणी किल्लीनं ओरखडा काढला असेल आणि तो नंतर शोधूनही सापडला नसेल, तर ते माझं किंवा माझ्या एखाद्या बहिणीचं काम समजा.

माझा पहिला मालक कपाटं आणि पलंग रंगवायचा. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. काम संपलं की मला तशीच कोपऱ्यात भिरकावून जेवायला जायचा. रंग माझ्या घशातच सुकायचा. दुसऱ्या दिवशी मी फवारण्याऐवजी थुंकायचे, पलंगावर डाग पडायचे आणि वर शिव्या मलाच. शेवटी वैतागून त्यानं मला जुन्या बाजारात विकून टाकलं. गंजक्या पकडींच्या ढिगात पडलेली मी तिथं पेंटरच्या नजरेस पडले.

पेंटर म्हणजे माझा दुसरा मालक. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. गिऱ्हाईक, शेजारी, दुकानदार, सगळे त्याला पेंटरच म्हणत. त्यानं मला घरी नेलं, माझे भाग सुटे केले, थिनरमध्ये भिजत घातले आणि मऊ ब्रशनं एकेक भोक मोकळं केलं. तार घातली नाही. तारेनं नोझलला चरा पडतो आणि मग फवारा कायमचा वाकडा होतो, हे त्याला ठाऊक होतं. जोडून झाल्यावर त्यानं पत्र्याच्या तुकड्यावर एक झोत मारला. माझ्या तोंडातून इतकी बारीक वाफ निघू शकते, हे मलाही तेव्हाच कळलं.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. पोचे पडलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, खड्ड्यात पुट्टी भरायची, पाण्यात बुडवलेल्या खरखरीत कागदानं घासायची, मग रंगाखालचा प्रायमर, पुन्हा घासणं. डोळ्यांवर तो विश्वास ठेवायचा नाही. डोळे मिटून तळहात फिरवायचा. हाताला काही लागलं तर पुन्हा कागद. वर्कशॉपच्या मागच्या भागात प्लास्टिकचे पडदे लावून त्यानं एक खोली केली होती. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारायचं, तोंडाला मास्क चढवायचा आणि मग मला हातात घ्यायचं. रंगाचे हात, त्यावर क्लिअरचे, म्हणजे चकाकणाऱ्या बिनरंगी लेपाचे हात. काम आटोपलं की स्वतःचे हात धुवायच्या आधी तो मला धुवायचा.

त्याचे वडील चित्रकार होते. कॅनव्हासवाले, खरेखुरे. आयुष्यभर त्यांनी चित्रकला शिकवली, पोरं घडवली. फक्त घरातलं पोर तेवढं त्यांच्या पसंतीस उतरलं नाही. बायको गेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि पाठोपाठ त्यांचे डोळे अधू झाले. समोर बघितलं की मधोमध धुकट भोक दिसायचं, कडेचं तेवढं दिसायचं. म्हणून ते कोंबडीसारखी मान वाकडी करून जगाकडे बघत. घरी एकटे कसे ठेवायचे, म्हणून पेंटर त्यांना रोज वर्कशॉपमध्ये आणायचा. प्लास्टिकच्या पडद्याबाहेर एक स्टूल त्यांच्यासाठी ठेवलेलं असायचं.

त्या स्टुलावर बसून त्यांनी पोराला काय काय ऐकवलं नाही! एकदा एक गिऱ्हाईक आपल्या गाडीचं दार बघून हरखून गेला. "वा पेंटर, नवीन कुठलं नि जुनं कुठलं, ओळखूच येत नाही हो."

"ओळखू येणार कसं?" चित्रकार स्टुलावरून म्हणाले. "ह्याच्या कामात माणसाला आपलं स्वतःचंच तोंड दिसतं. लोकांना तेवढंच हवं असतं."

गिऱ्हाईक कसनुसं हसला. पेंटरही हसला. मी त्याच्या मुठीत होते. माझा घोडा त्यानं इतका आवळला की कप रिकामा असूनही मी फुसकारले.

मग एक दिवस चित्रकारांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचं प्रदर्शन ठरवलं. म्हातारे एकदम ताठ झाले. "एक मोठं चित्र अजून बाकी आहे," म्हणाले. "आमचं घर. डोळे पुरते जायच्या आत करून टाकतो."

तेवढ्या मोठ्या चौकटीवर कापड ताणायची ताकद त्यांच्या हातात उरली नव्हती. ते पेंटरनं केलं. त्याला वाटलं होतं, पत्र्यासारखंच असणार. पण पत्रा जागचा हलत नाही, कापड हवेबरोबर सैलावतं, आवळतं. गाडीचा कडक प्रायमर त्याच्यावर टिकत नाही, तडकतो. वडील स्टुलावरून सांगत गेले आणि हा करत गेला. आधी पातळ सरसाचा हात, मग पांढऱ्याचे हात, मधे मधे घासणं. शेवटी चित्रकारांनी चौकटीपाशी येऊन आपला गाल कॅनव्हासला लावला. कुणी तान्ह्या मुलाला लावावा तसा. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"ठीक आहे," म्हणाले.

पेंटर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शीळ घालत होता.

चित्र घरी सुरू झालं. ट्यूबवरची नावं वडिलांना वाचता येत नसत, म्हणून सकाळी निघायच्या आधी पेंटर सगळे रंग ओळीनं मांडून यायचा. दुपारपर्यंत वडील काम करत, दुपारनंतर त्यांना तो वर्कशॉपमध्ये आणायचा. चित्र मात्र बघायची परवानगी नव्हती. चौकटीवर चादर. "पुरं होऊ दे," एवढंच उत्तर. स्टुलावर बसले की ते मान वाकडी करून पडद्याच्या फटीतून आत बघत राहायचे. आम्हाला वाटायचं, वेळ जात नाही बिचाऱ्यांचा.

प्रदर्शन जवळ आलं तशी मुलगी मदतीला आली. व्हार्निशच्या वेळी धूळ बसायला नको म्हणून चित्र टेम्पोत घालून आमच्या पडद्यांच्या खोलीत आणलं. चित्रकारांनी स्वतःच्या हातानं चादर ओढून काढली.

चित्र सुंदर होतं, हे मी गाड्यांची गन असूनही सांगते. खिडकीशी शिवण घेऊन बसलेली आई, तिच्या मांडीवरल्या कापडावर पडलेलं ऊन, जमिनीवर पोटावर झोपून वाचणारी मुलगी, कोपऱ्यात पाठमोरे चित्रकार. उजव्या बाजूला मोठा तपकिरी पडदा, वरपासून खालपर्यंत.

पेंटर बघत राहिला. त्याचे डोळे आईवर थांबले, बहिणीवर आले, वडिलांवर गेले आणि पुन्हा पहिल्यापासून फिरले. कुणी हरवलेली वस्तू शोधावी तसे.

शेवटी बहिणीनंच विचारलं. "बाबा, ह्यात दादा कुठाय?"

"होता की," चित्रकार म्हणाले. "त्या पडद्याच्या जागी उभा होता. शोभेना. सगळी रचना बिघडत होती. मग काढून टाकला आणि वर पडदा रंगवला. आता बघ, चित्र कसं बांधून आल्यासारखं वाटतंय."

"अहो, पण घर आहे ना ते आपलं?"

"चित्र आहे ते. ज्याला कळतं त्याला कळतं." मग त्यांनी खिशातून एक बाटली काढून मुलापुढे धरली. "हे व्हार्निश. अगदी पातळ केलंय. लांबून, हलक्या हातानं मार. आणि पडद्यापाशी सांभाळून. वरून सुकलाय, आतून कच्चा आहे अजून."

"बरं," पेंटर म्हणाला.

बहीण प्रदर्शनाच्या हॉलवर निघून गेली. चित्रकार बाहेर स्टुलावर जाऊन बसले. पेंटरनं प्लास्टिकचा पडदा नीट लावून घेतला, जमिनीवर पाणी मारलं, मास्क चढवला. बाटली उचलली, उजेडात धरून पाहिली आणि फळीवर ठेवून दिली. मग त्यानं गाड्यांच्या क्लिअरचा डबा उघडला.

मला वाटलं, चुकला असेल. पण तो चुकत नव्हता. क्लिअर ओतलं, ते दगडासारखं कडक करणारं हार्डनर ओतलं आणि जहाल थिनर लागतं त्याहून कितीतरी जास्त ओतलं. कच्च्या रंगावर हे गेलं की काय होतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? खालचा रंग फुगतो, सुरकुततो आणि भाजलेल्या कातडीसारखा उचलला जातो. दुसऱ्यांनी घाईत बिघडवलेल्या कितीतरी गाड्या त्यानं असा रंग खरवडून नीट केल्या होत्या.

त्यानं मला चित्रातल्या पडद्यापासून वीतभर अंतरावर धरलं आणि घोडा पूर्ण दाबला. मी फवारत गेले. माझं काय चालतं?

"वास वेगळा येतोय रे," बाहेरून आवाज आला.

"गनमध्ये थोडं थिनर राहिलं असेल, बाबा."

"बघ हं. सांभाळून."

"हो."

आधी काही झालं नाही. पडदा ओला होऊन काचेसारखा चमकला. मग त्यावर बारीक रेघा उठल्या. रेघांच्या वळ्या झाल्या, वळ्यांची सालं झाली आणि तो तपकिरी रंग स्वतःच्याच वजनानं खाली घसरू लागला.

आणि त्याच्यामागून माणूस बाहेर आला.

कामाचे कपडे, कपाळावर सरकवलेला मास्क. आईच्या खुर्चीमागे तो उभा होता, मान किंचित खाली. त्याच्या हातात मी होते. माझ्या कपाच्या तोंडाशी थेंब गळू नयेत म्हणून पेंटर चिंधी बांधायचा, ती चिंधीसुद्धा होती. त्याच्या चेहऱ्यावर रंगाचं धुकं बसलेलं होतं आणि त्या धुक्यावर खिडकीतलं ऊन. आईच्या मांडीवरचं ऊन नुसतं सुंदर होतं. हे ऊन ज्यानं रंगवलं, त्यानं ह्या चेहऱ्याकडे रोज, तासन् तास, वाकड्या मानेनं बघितलेलं होतं. अख्ख्या चित्रात इतका जीव दुसरीकडे कुठेच ओतलेला नव्हता.

घोड्यावरचं बोट सुटलं. पेंटर एक पाऊल पुढे गेला. चिंधी उचलली, पण लावली नाही; लावली असती तर सगळंच पुसलं गेलं असतं. माझा रंग बंद करून त्यानं नुसती हवा सोडली, थिनर उडून जाईल म्हणून. हवेनं वळ्या आणखी पसरल्या. आधी कपाळ सुरकुतलं, मग डोळे. हनुवटी ओघळून कॉलरवर आली. पेंटर माझ्यामागे उभा राहून स्वतःचं तोंड विरघळताना बघत होता आणि त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

"झालं का?"

"झालं."

चित्रकार प्लास्टिक चाचपत आत आले. पेंटरनं त्यांना अडवलं नाही. त्यांनी हात पुढे केला. बोटं खिडकीवरून, आईच्या खांद्यावरून हळूहळू उजवीकडे सरकली आणि वळ्यांवर येऊन थांबली. ती चिकट सालं त्यांनी चिमटीत धरून पाहिली. नाकाशी नेली. चाळीस वर्षं शिकवलेला माणूस. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला.

"पडदा गेला," ते म्हणाले.

"गेला."

"म्हणजे खालचं दिसलं असेल तुला."

"दिसलं."

चित्रकारांनी बोटं सदऱ्याला पुसली. मान वाकडी केली, मुलाचा चेहरा कडेच्या नजरेत कुठे सापडतो का ते शोधलं. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात ह्या मुलाला चित्रातलं काही म्हणून विचारलं नव्हतं, त्यानं परीक्षेचा पेपर पुढे करणाऱ्या पोराच्या आवाजात विचारलं, "कसं होतं?"

पेंटरनं मास्क काढला नाही.

"काही खास नव्हतं," तो म्हणाला.

चित्रकारांनी मान हलवली. एकदा, दोनदा. "मला वाटलंच," म्हणाले. "म्हणून तर झाकलं."

आणि प्लास्टिकच्या पडद्याची कड चाचपत ते बाहेर गेले. जाताना पाय स्टुलाला अडखळला. पेंटर हललासुद्धा नाही.

त्या दिवशी त्यानं मला धुतलं नाही. क्लिअर माझ्या पोटात तसंच राहिलं आणि हार्डनरनं आपलं काम केलं. सकाळपर्यंत सुई, नोझल, घोडा, सगळं एकजीव दगड झालं होतं.

प्रदर्शन त्या चित्राशिवाय झालं. लोक म्हणे वाहवा करत होते. त्यानंतर चित्रकार मुलीकडे राहायला गेले. ब्रश पुन्हा हातात धरला नाही. पेंटरनं त्यांना फोन केला नाही आणि त्यांनीही केला नाही. चित्र फेकवत नव्हतं आणि बघवत नव्हतं, म्हणून पेंटरनं ते तोंड भिंतीकडे करून पडद्यांच्या खोलीतच उभं केलं. आता प्रत्येक गाडीच्या रंगाचं धुकं त्याच्या पाठीवर बसतं. लाल, पांढरं, करडं. कापड फुगून पुठ्ठ्यासारखं झालंय.

वडील वारल्यावर बहीण एकदाच आली. त्याच स्टुलावर बसली. "दादा, एक विचारू? नेमकं काय झालं होतं रे त्या चित्राला?"

"रंग कच्चा होता," पेंटर म्हणाला.

"बाबा पण हेच म्हणायचे." ती म्हणाली. "तुझं नाव नाही घेतलं कधी. शेवटपर्यंत म्हणायचे, रंग कच्चा होता, घाई माझीच झाली."

पेंटर उठला आणि गाडीचं बॉनेट घासू लागला. ती गेली तरी घासत राहिला. पुट्टी संपून खालचा पत्रा उघडा पडला, तेव्हा कुठे थांबला.

मी खिळ्याला टांगलेली आहे. माझ्या शेजारी नवी गन असते, हलकी, चकचकीत. तिला तो रोज धुतो. मला हात लावत नाही. तुम्ही कधी गाडी घेऊन त्याच्याकडे गेलात, तर माझं एक काम करा. मला मागून घ्या. भंगारात घाला, वितळवा, नळ करा नाहीतर दाराची कडी करा, काय वाटेल ते करा. फक्त ह्या भिंतीवरून मला उतरवा.

भंगारवाला दारावरून जाताना हटकून माझ्याकडे बोट दाखवतो. "पेंटर, ती जाम झालेली देऊन टाका की."

पेंटर वरसुद्धा बघत नाही. "चालू आहे ती," म्हणतो.