दोन दिवसांनी धाकटा

लांब्याचा नंबर चारशे बारा. कंपनीने रेघ मारली ती चारशे अकराच्या खाली.

हे कळलं तेव्हा तो पायलट लोकांच्या खोलीत कॉफीच्या मशीनपुढे उभा होता. कप भरला, वाहिला, कॉफी बुटावर सांडली, तरी याचं बोट बटणावरच. दुसऱ्या हातात फोन, फोनवर कंपनीचं पत्र. प्रवासी घटलेत, निम्मी विमानं उभी आहेत, तेव्हा चारशे अकराच्या खालच्या सगळ्या पायलटांनी महिनाअखेरपासून बिनपगारी घरी बसावं. गरज पडली की नंबराप्रमाणे परत बोलावू. गरज कधी पडणार, ते काही लिहिलेलं नव्हतं.

"अरे, म्हणजे तू पहिलाच की!" खुर्चीतून म्हातारा कॅप्टन म्हणाला. त्याला सगळे काका म्हणायचे. "बोलावतील तेव्हा सगळ्यांच्या आधी तुला."

"कधी बोलावतील, काका?"

"मागच्या खेपेला मला पाच वर्षं लागली. तोवर फरशा विकल्या मी. बाथरूमच्या." काकांनी चष्मा काढून पुसला. "रांगेत पहिला आहेस रे बाबा, पण दुकानाचं शटर खाली आहे."

चारशे अकरा म्हणजे ढोल्या. तोही तिथेच, खिडकीला टेकून उभा. दोघं एकाच दिवशी कंपनीत लागले, एकाच खोलीत राहून विमान शिकले. पायलटाचा नंबर तो किती चांगलं उडवतो यावर नसतो, नोकरीला कधी लागला यावर असतो. आणि एकाच दिवशी लागलेले असले तर वयाने मोठा तो वर. ढोल्या सात जूनचा, लांब्या नऊ जूनचा, साल एकच. आठ वर्षं ढोल्या त्याला "ए धाकट्या, पाणी आण" म्हणून छळत आला होता. आज तो बॅग ओढत निघाला, जाता जाता लांब्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेला आणि मध्येच मागे घेतला.

घरी बायकोने पत्र दोनदा वाचलं.

"दोन दिवस? दोन दिवसांसाठी माणसाची नोकरी जाते?"

आई टेबलाशी मटार सोलत होती. "कसले दोन दिवस?"

लांब्याने सांगितलं.

"काहीतरीच," आई म्हणाली. "तू कुठला जूनचा? तू चार फेब्रुवारीचा. काय थंडी होती त्या दिवशी! नर्स मेली हातमोजे घालून फिरत होती."

लांब्याला वाटलं, झालं, आईचं डोकं फिरलं. पण ती उठली, कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिवळा पडलेला कागद पुढे केला. दवाखान्याचा शिक्का. मुलगा. वजन तीन किलो शंभर. चार फेब्रुवारी.

"शाळेत घालताना तुझ्या बाबांनी जून लावला. म्हणाले, पोराला शेवटी चार महिने जास्त नोकरी मिळेल."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. शाळेत बोलून बसला असतास. मग राहून गेलं."

"राहून गेलं? चौतीस वर्षं?"

"म्हणजे मी सहा वर्षं भलत्याच दिवशी केक आणतेय," बायको म्हणाली.

"खाल्लात ना मिटक्या मारत!" आई तणतणली. आणि एकदम तिचा आवाज बसला. "माझ्यामुळे गेली का रे नोकरी?"

लांब्या खालीच बसला, फरशीवर. शेवटचे चार महिने वाढावेत म्हणून बापाने तारीख ढकलली, आणि तीच तारीख आता मधली सगळी वर्षं खायला बसली होती. बापावर ओरडावं तर बाप जाऊन सात वर्षं झालेली. त्याला हसू येईना आणि रडूही येईना.

बायकोने त्याला उठवलं. "उद्याच्या उद्या हा कागद ऑफिसात."

कंपनीच्या ऑफिसात यादी सांभाळणाऱ्या बाई होत्या. तीस वर्षं एकाच खुर्चीत, नंबर सांगा की माणूस ओळखायच्या. त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"अस्सल आहे. आक्षेप घ्यायला पाच दिवस असतात, बसतोस त्यात. तारीख लायसन्सवर सुधारून आणायची, तोवर तुझी जागा राखून ठेवते. तू होशील चारशे अकरा."

"आणि ढोल्या?"

"तो बारा. रेघेखाली." बाईंनी फॉर्म सरकवला. "ज्याचा नंबर उतरतो त्याची सही लागते. त्याला कळलंय, एवढ्यासाठी."

"तो नाही म्हणाला तर?"

"तर पत्राने कळवू. पण तू समोर जाऊन सांग रे. आठ वर्षं एका ताटात जेवलात."

ढोल्या घरी दुसऱ्या दिवसाच्या ड्यूटीचा शर्ट इस्त्री करत होता. लांब्याने दोन्ही कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवले. ढोल्याने वाचलं. परत वाचलं. इस्त्री तशीच शर्टावर. लांब्यानेच ती उचलून उभी केली.

"तीन किलो शंभर?" ढोल्या शेवटी म्हणाला. "तू? मग पुढे काय उपास धरलास का?"

"ढोल्या, मला काल कळलं रे. आईशप्पथ."

"म्हणजे आठ वर्षं पाणी मी आणायला हवं होतं." त्याने पेन शोधलं, ते चालेना, दुसरं शोधलं. सही केली. ओठांवरचा घाम मनगटाने पुसला. "घे. आत सासूबाई आल्यात, हळू बोल."

"एवढ्यात सही? विचार तरी कर."

"विचार केला तर हात उचलणार नाही माझा. जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लांब्या बाईंच्या टेबलाशी उभा. फॉर्म दिला. बाईंनी तो हातात घेतला, पण पाहिलाही नाही.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "हे तुला सांगायला नको, पण बारा वाजता सगळ्यांना जाणारच आहे. रात्री रेघ वर सरकली."

"कुठे?"

"तीनशे चाळीस."

लांब्याने मनातल्या मनात वजाबाकी केली, जमेना, पुन्हा केली. तो गेला होता, ढोल्याही गेला होता, वरची सत्तर माणसं गेली होती.

"फॉर्म लावते पुढे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "परत बोलावतील तेव्हा एक नंबर तरी वर राहशील."

"नको. द्या तो इकडे."

"अरे, तुझा हक्काचा आहे."

"त्याने सही केली तेव्हा त्याला नोकरी होती, बाई. होती असं वाटत होतं. आता त्याचीही गेली, पुन्हा विचारल्याशिवाय नाही."

जिना उतरून तो बाहेर आला तर समोरून ढोल्या, इस्त्रीच्या कडक शर्टात, टोपी बगलेत. अकरा चाळीसचं उड्डाण.

"दिलास?"

लांब्याने तोंड उघडलं. विमानाकडे निघालेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, हे पायलटाला कोणी शिकवावं लागत नाही. डोकं ठिकाणावर नसलं तर त्याने उडायचंच नसतं. आता सांगितलं तर ढोल्या प्रामाणिकपणे माघारी फिरेल, आणि कोण जाणे पुन्हा कधी विमानात बसेल.

"नाही दिला अजून. फोन बंद कर तुझा."

"का रे?"

"कर म्हटलं ना."

ढोल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खिशातून फोन काढला, बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत.

"किती वाजता उतरतोस?"

"सव्वाचार."

"ये. मी इथेच आहे," लांब्या म्हणाला, आणि कठड्यावर बसला.