दोरवाली नव्हतीच

माझ्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकाकडून परत आलं, तेव्हा पूल पडतो त्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'गंभीर ऐतिहासिक चूक. पूल दोरवालीने तोडला. हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.' खाली पुरावा म्हणून एका पुस्तकाचं नाव आणि पान दिलं होतं. ते पुस्तक माझंच होतं.

पंचवीस वर्षांपूर्वीची माझी पहिली कादंबरी. वेढा पडलेलं गाव, गावाच्या अंगाला नदी, नदीवर दोरांचा झुलता पूल, आणि एका सकाळी तो कोसळला, एवढंच तेव्हा इतिहासाला माहीत होतं. का कोसळला ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. मग मी मनानंच एक बाई उभी केली. दोर वळणाऱ्याची तरणीताठी मुलगी, पुलावर शत्रू चढलेला, हिच्या हातात कोयता. तिनं दोर छाटला आणि शत्रू नदीत गेला. इतिहास जिथे गप्प बसतो तिथे आम्ही बोलायचं, हा आमचा धंदाच आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. प्रस्तावनेत मी स्वच्छ लिहिलं होतं की ही बाई माझ्या डोक्यातली आहे. दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकानं पानं वाचवायला ती प्रस्तावनाच गाळली. मी कडाकडा भांडले. तो म्हणाला, "बाई, प्रस्तावना वाचतं कोण?"

त्यानंतर दोरवाली माझ्या हातातून सुटली ती सुटलीच. आधी एका वक्त्यानं तिला भाषणात घेतलं, मग ती शाळेच्या पुस्तकात धडा होऊन बसली, मग एका रस्त्याला तिचं नाव लागलं. आता नदीकाठच्या चौकात तिचा पुतळा बसणार होता. पुतळा समितीच्या चिटणीस म्हणजे माझ्या सख्ख्या नणंदबाई. माझ्या वरच्याच मजल्यावर राहतात. मी त्यांना वन्सं म्हणते आणि शक्यतो त्यांच्या नादाला लागत नाही.

मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते म्हटल्यावर लोकांना वाटतं, मी दिवसभर तलवारी न्याहाळत बसत असेन. तलवारींचा मला मनस्वी कंटाळा आहे. मला जुनी पायताणं आवडतात. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते पाहिलं की माणूस कसा चालत होता ते कळतं. मला जुनी वजनं, जुनी कुलपं, संग्रहालयांच्या तळघरातला कोंदट वास आवडतो. माझ्या कादंबरीत मिनिट नसतं. घड्याळ नसलेल्या काळातला सेनापती 'दोन मिनिटं थांब' म्हणाला की मी पुस्तक मिटते. मरताना पानभर बोलणारा वीर तर मला अजिबात सोसत नाही. छातीत भाला घुसलेल्याला श्वास पुरत नाही, भाषण कुठून पुरणार?

आणि माझा एक नियम आहे. पात्र जे करतं ते आधी मी करून बघते. या नव्या कादंबरीत हमाल आहेत, कपाळावर पट्टा अडकवून पाठीवर पोती वाहणारे. म्हणून मी वाळूचं पोतं शिवलं, पट्टा कपाळावर घेतला आणि आमच्या इमारतीचे जिने चढले. मान आखडली, कपाळावर वळ उठला. खालच्या भाडेकरूनं तक्रार केली की बाई रोज काहीतरी आपटतात. नवऱ्यानं त्याला सांगितलं, "आपटत नाही, संशोधन करते." तो जन्मभर जमीनमोजणी खात्यात नकाशे काढत होता, त्यामुळे विचित्र गोष्टी सरळ चेहऱ्यानं सांगणं त्याला जमतं.

हे हमाल मी हवेतून आणले नव्हते. काही वर्षांपूर्वी नव्या पुलाच्या पायासाठी नदीचा तळ उपसला, तेव्हा चिखलात जुन्या पुलाचे दोरखंड सापडले. मी हात धुऊन मागे लागले आणि संग्रहालयाच्या तळघरात ते पाहायची परवानगी मिळवली. मनगटाएवढा जाड दोर, चिखलानं काळा पडलेला. त्याची टोकं छाटलेली नव्हती. झिजलेल्या केरसुणीसारखी पिंजली होती. पीळ उलगडला होता तिथे आतलं दिसत होतं. वरचा थर चांगल्या लांब धाग्याच्या तागाचा, आत जुनेपाने तुकडे, काथ्या, चिंध्या. कुणीतरी वरून नवा आणि आत कुजका दोर पुलाला दिला होता. शेजारच्या खोक्यात पितळी बिल्ले होते, पुलाखालीच सापडलेले. शत्रूचे नव्हेत. गावात धान्य नेणाऱ्या गावच्याच हमालांचे. बिल्ल्यावर नाव नसतं, आकडा असतो. मी ते एकेक करून तळहातावर घेतले आणि तिथेच, तळघरातल्या स्टुलावर बसून रडले. मग घरी येऊन कादंबरी सुरू केली.

प्रकाशकाच्या कचेरीत गेले तेव्हा तो आणि त्याचा तपासनीस प्राध्यापक, दोघं माझी वाट पाहत होते. लाल शाई प्राध्यापकाची.

"सर, तुम्ही दिलेला पुरावा म्हणजे मीच आहे," मी म्हटलं. "मीच सांगते, ती नव्हती."

प्राध्यापक समजूतदार हसले. त्या हसण्यानंच माझं डोकं फिरलं. "बाई, तुम्ही तिच्याबद्दल लिहिलंत, हे तुमचं मोठेपण. पण लोकस्मृती काहीतरी असतेच ना. तुमच्या नकळत ती तुमच्यापर्यंत आली असेल."

"नकळत नाही आली. मला ताप होता, अंथरुणात पडल्या पडल्या सुचली."

"तरीही आता ती तुमची राहिलेली नाही. लोकांची झाली."

"लोकांची झाली असेल, पण खरी कशी होईल?"

प्रकाशक मधे पडला. त्याला वाद नको होता, कार्यक्रम हवा होता. पुतळ्याच्या अनावरणाला त्याच मंचावर नव्या कादंबरीची घोषणा, अशी त्याची योजना. "एक परिच्छेद घाला, बाई. हमाल पुलावर आहेत, मागून शत्रू येतोय, दोरवाली काळजावर दगड ठेवून दोर छाटते. तुमचे हमालही राहतात, तीही राहते. नाहीतर मला हे पुस्तक काढता येणार नाही. त्या मंचावरून तुम्ही हो म्हणा, मी दुसऱ्या दिवशी छपाईला देतो."

म्हणजे कुजका दोर देणारा सुटला, आणि हमालांना बुडवायचं काम माझ्या पोरीच्या हातून करून घ्यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मंचावर येईन म्हटलं. का म्हटलं ते त्याला कळलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी वन्सं खाली आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"अगं, प्रकाशकांचा फोन होता. एका परिच्छेदासाठी अडून बसलीस म्हणे."

"हो."

"माझ्या नातीनं शाळेत दोरवालीचं काम केलंय. बक्षीस आणलंय. तिला काय सांगू, की तुझ्या मामीआजीनं सगळं थापा मारून लिहिलं?"

"थापा नाही, कादंबरी. आणि तिला सांगा की काम छान केलं होतं. मी पाहिलंय."

वन्संनी भावाकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. "अरे, तू तरी सांग हिला."

"एक परिच्छेद काही फार नाही," तो वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"तुम्ही नकाशात कधी नसलेली विहीर दाखवलीत?" मी विचारलं.

त्यानं वर्तमानपत्र खाली केलं. मग म्हणाला, "नाही." आणि पान उलटलं. वन्सं तणतणत वर गेल्या. जाताना टेबलावरचं हस्तलिखित काखेत मारून घेऊन गेल्या. चुका काढायच्या असणार, असं मला वाटलं.

अनावरणाच्या सकाळी चौकात बरीच गर्दी होती. समितीचे अध्यक्ष मोठे बांधकाम कंत्राटदार आहेत, त्यामुळे मांडव भक्कम होता. पडदा सरकला. पुतळा देखणा होता हे मला कबूल करावंच लागेल. ताणलेला दोर, उगारलेला कोयता, वाऱ्यावर उडालेला पदर. क्षणभर माझाच ऊर भरून आला. आपली लेक परक्या घरी चांगली नांदताना पाहावी तसं वाटलं. मग पायथ्याच्या दगडावर कोरलेलं वाचलं, 'जिने शत्रूला जलसमाधी दिली', आणि ते वाटणं तिथेच संपलं.

मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "ही बाई माझी आहे. मी तिला जन्म दिला, नाव दिलं, हातात कोयता दिला. ती कधीच नव्हती. त्या पुलावर शत्रूही नव्हता. आपलेच हमाल होते, पाठीवर आपल्यासाठी धान्य घेतलेले. दोर कुजका होता म्हणून ते बुडाले. वरून नवा, आत चिंध्या. कोणाला वाटलं तर संग्रहालयाच्या तळघरात जाऊन बघा. माझ्या पुस्तकात दोरवाली नाही, आणि मी ती घालणार नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. मग अध्यक्ष उठले, माइक माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "थोर लेखकांचा विनय हा असा असतो." तेव्हा मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या आजी काठी टेकत उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं की दोरवाली त्यांच्या माहेरच्या घराण्यातली, त्यांच्या आजीच्या तोंडून त्यांनी सगळं ऐकलंय. मी त्यांना नमस्कार केला आणि मंचावरून उतरू लागले.

मंचाच्या पायरीवर प्रकाशकानं मला गाठलं. "बाई, संपलं आपलं."

"संपू दे. तुम्ही नाही छापलंत तर दुसरा छापेल. कुणीच नाही छापलं तर मी घरोघरी जाऊन वाचून दाखवीन, पण एक ओळ बदलणार नाही."

घरी आले तर स्वयंपाकघराच्या टेबलापाशी वन्सं बसलेल्या, समोर हस्तलिखिताचा गठ्ठा. कार्यक्रम अर्धा टाकून आल्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. मी भांडायच्या तयारीनं पदर खोचला.

"तो तोतरा हमाल," त्या म्हणाल्या. "पुलावर पाय ठेवताना पुढच्याला काहीतरी सांगायला जातो आणि शब्दच फुटत नाही. तो खरा होता?"

"नाही. मी केला."

"मग त्याच्यात आणि दोरवालीत फरक काय गं? तीही तूच केलीस."

हा प्रश्न मला कुठल्या समीक्षकानं आजवर विचारला नव्हता. मी त्यांच्यासमोर बसले. "वन्सं, दोरवालीनं दोर कापला की गोष्ट संपते. कुणाला काही विचारावं लागत नाही, नुसता हार घालायचा. हा बुडतो, आणि मग विचारावं लागतं."

"काय?"

"की दोर दिला कुणी."

"कुणी दिला?"

"मला सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून लिहिलं नाही."

वन्संनी पानं नीट जुळवली, वर हात ठेवला. समितीच्या चिटणीस होत्या, अध्यक्षांचा नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी फोन लावला.

"हो, मीच बोलतेय," त्या म्हणाल्या. "नाही, हार-तुरे सगळे पोचले. अध्यक्ष, मला फक्त एवढंच विचारायचं होतं. त्या पुलाला दोर कुणी पुरवला होता?"