दोन भाग्यलक्ष्मी आणि एक पत्र

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. हसू नका! आज हैदराबादेत काचीगुड्याच्या या ऑफिसात माझ्यावर फायलींचा ढीग असतो आणि त्यावर कुणाचा तरी जेवणाचा डबा. पण त्र्याण्णव साली माझा थाट बघायला हवा होता. मला हार घातला, हळदकुंकू लावलं. माझ्या खोलीत चपला घालून यायची कुणाची हिंमत नव्हती.

हे ऑफिस मुलींच्या विद्यानगरातल्या एका वसतिगृहाचं. गावाकडच्या मराठी मुली बारावी झाल्या की इथे अर्ज करत. दर जूनमध्ये रंजनाबाई टाइपरायटरवर प्रवेशाचं एकच पत्र पुन्हा पुन्हा बडवत बसायच्या. मजकूर तोच, नाव-पत्ता तेवढा वेगळा. बोटं सुजायची बिचारीची! मी आलो आणि सगळी पत्रं एकाच दुपारी छापून मोकळा झालो. रंजनाबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

चिटणीस हर्षवर्धनराव तर भेटेल त्याला माझं कौतुक सांगायचे. माझ्या डोक्यात हवा गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला आणखी एक काम दिलं. टपालाचा भरवसा नाही म्हणून काही मुली दोनदा अर्ज पाठवायच्या. नाव, आडनाव, गाव आणि वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर जुळलं, की दुसरा अर्ज काढून टाकायचा. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत अकरा अर्ज उडवले.

"कमाल आहे!" हर्षवर्धनराव म्हणाले. कुणाचे उडवले, ते कुणीच विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी देगलूरकडच्या एका गावातून लक्ष्मणराव आले. बरोबर दोन मुली होत्या. एक त्यांची लेक, दुसरी थोरल्या भावाची, म्हणजे लिंबाजीरावांची.

"बाई, पत्र एकच आलं," ते रंजनाबाईंना म्हणाले. "अन् घरात भाग्यलक्ष्मी दोन हायत. आमची माय गेली त्याच साली या दोघी झाल्या. दोघा भावांनी मायचंच नाव ठेवलं."

रंजनाबाईंनी कपाटातला अर्जांचा गठ्ठा सोडला. दोन्ही अर्ज निघाले. आडनाव एक, गाव एक आणि वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षरही 'ल'च. पत्र पुतणीचं होतं. मी उडवला होता तो लक्ष्मणरावांच्या लेकीचा, आणि मार्क तिचेच जास्त होते. पण आता सगळ्या जागा भरल्या होत्या.

"हे कॉम्प्युटरनं केलंय हो," हर्षवर्धनराव म्हणाले. "उगं परेशान होऊ नका. पुढच्या साली बघू."

"साहेब, हॉस्टेल नसलं तर हिला शहरात ठेवू कुठं? घरचे वर्षभर थांबायचे न्हाईत. पोरगी लई हुशार हाय हो."

"कॉम्प्युटरला आपणच सांगितलं ना, साहेब?" रंजनाबाई चिडून म्हणाल्या. "एक खाट वाढवा की!"

खाट वाढली नाही. नियम आडवा आला. ती पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिने बहिणीची पेटी उचलली, तिला वसतिगृहात सोडायला गेली आणि संध्याकाळच्या गाडीने वडिलांबरोबर परत गेली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

पुढच्या जूनमध्ये रंजनाबाईंनी माझ्यात सगळ्यात आधी तिचंच नाव शोधलं. नव्हतं. मग गठ्ठा दोनदा चाळला. शेवटी दुसऱ्या भाग्यलक्ष्मीला बोलावून विचारलं.

"बाई, तिचं लगीन झालं की चैतात," ती खाली बघत म्हणाली.

तेव्हापासून रंजनाबाई उडवलेल्या नावांची यादी कागदावर छापून घ्यायच्या आणि कपाटातले अर्ज समोर ठेवून एकेक नाव बोटाने तपासायच्या. अर्धा दिवस जायचा. हर्षवर्धनराव कुरकुरायचे, पण बाई काही ऐकायच्या नाहीत.

मित्रांनो, आता तुमच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्रं आहेत. त्यांना खुशाल राबवा, रंजनाबाईंसारख्यांची बोटं वाचवा. पण यंत्राने जे काढून टाकलं, त्यावर एकदा माणसाची नजर फिरू द्या, एवढी विनवणी आहे. मला नुसतं नाव दिसलं होतं. त्या नावाची पोरगी मी पाहिली ती दारात उभी राहिली तेव्हा, आणि तोवर तिची जागा गेली होती.