एका हाताची पाती

"रेषेच्या उलट चालवतेयस," काका दाराबाहेरच्या खुर्चीवरून म्हणाले. "आवाज ऐक. लाकूड ओरडतंय."

काकूंनी शेगड्यात, म्हणजे बाकाच्या पकडीत, आवळलेले लाकडी पाते सोडवले, टोक फिरवून पुन्हा आवळले आणि रंधा लावला. आवाज मऊ झाला. पातळ, कुरळी ढलपी रंध्याच्या तोंडातून निघून पायाशी पडली. काकांचे बरोबर होते, आणि त्यांचे बरोबर असले की काकू काही बोलत नसत. चुकले की बोलायला हयात होतीच.

काकांची नोकरी ओतकामाच्या कारखान्यात झाली. लोखंडाचा कोणताही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो, त्या साच्याभोवती वाळू ठासावी लागते. असे साचे घडवणारे ते. निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत त्यांनी स्वतःचे दुकान मांडले. दुकान म्हणजे विकायला काही नाही. बाक, शेगडा, भिंतीवर ओळीने करवती, पटाश्या, कानशी. काही वर्षे सुखात गेली आणि मग त्यांची नजर गेली, तीही सगळी नाही, नेमकी मधली. "समोरच्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही," असे ते सांगत आणि वर म्हणत, "पुष्कळांचं नाक न दिसलेलंच बरं." एके दिवशी करवत अंगठ्यात शिरली. त्या दिवसानंतर ते खोलीत गेले नाहीत. दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागले.

बाकावर एक पवनचक्की अर्धी राहिली होती. बागेच्या कोपऱ्यात नुसती शोभेला ठेवायची, कमरेइतकी उंच. आठ बाजूंचा, वर निमुळता होत गेलेला मनोरा झाला होता, वरची टोपी झाली होती, आस आणि बेअरिंग बसले होते. चार पाती तेवढी राहिली होती.

मग एका रविवारी जेवताना काकांनी जाहीर केले की अवजारे विकायची. मुलाने गिऱ्हाईकही बघून ठेवले होते, फर्निचरचा एक दुकानदार. अवजारे गेली की खोलीत घरातली अडगळ टाकता येईल, असे बापलेकांचे ठरले होते. काकूंना विचारण्यासारखे त्यात काय होते? त्यांची वस्तू म्हणजे एक शिवणयंत्र, आणि ते स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात होते. लग्न होऊन आल्या तेव्हापासून ते तिथेच. आळीतल्या निम्म्या लोकांचे कपडे काकूंनी त्या बोळात शिवले. आंघोळीला जाणारा प्रत्येक जण "जरा पाय काढ" म्हणायचा, आणि काकू पायटा थांबवून, खुर्ची पुढे ओढून, पोट आत घेऊन त्याला वाट द्यायच्या. सासरे, दीर, मुलगा, मुलाचे मित्र. एक शिवण सलग घातली असा दिवस त्यांना आठवत नव्हता.

"अवजारं कुठे जाणार नाहीत," काकू म्हणाल्या. "पाती मी करते. ती खोली मला हवी."

काका ठसका लागेपर्यंत हसले. शिवणयंत्रात लाकूड घालणार का, असे त्यांनी विचारले. मुलाने समजुतीच्या सुरात विचारले की खोली नक्की कशाला हवी, यंत्र तिकडे हलवायचे आहे का.

"यंत्र नाही हलवायचं. मला हलायचंय," काकू म्हणाल्या. "दार लावून बसता येईल अशी जागा मला या घरात कधी मिळाली नाही. आणि काय करायचं ते मी दार लावल्यावर ठरवीन."

मग काकांनी पैज घातली. पवनचक्की वाऱ्यावर फिरली तर खोली आणि खोलीतले सगळे तिचे. दुकानदार येईपर्यंत नाही फिरली तर अवजारे त्याच्या टेम्पोत. मुलाने साक्षीदार व्हायचे. पैज लावताना काका मजेत होते. त्यांना वाटले होते, दोन दिवसांत बोटाला चिंधी बांधून बाई बोळात परत येईल.

चिंधी तर पहिल्याच दिवशी बांधली गेली, पण बाई परतली नाही. काकूंनी आधी कागदावर पात्याचा नमुना कापला आणि तो लाकडावर ठेवून शिवणाच्या खडूने आखला. काकांना कुणीतरी हे सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. लाकडावर पेन्सिल चालते, खडू नव्हे, असे ते दारातून ओरडले. काकूंनी आतून कळवले की खडू पुसता येतो, पेन्सिलीचा डाग राहतो, आणि आपले काम आपण करावे. शेजारणीने भिंतीवरून डोकावून विचारले, या वयात हे काय नवीन खूळ? "जुनी सगळी करून झाली," काकू म्हणाल्या.

त्यांना लाकूड आवडू लागले होते. कापड बिचारे सांगाल तसे वळते. लाकूड उलट बोलते, अडते, चुकीच्या बाजूने हात लावला तर सपकन सालपट काढते. असल्यांशी वागायची काकूंना सवय होती.

पाती सपाट नव्हती. पवनचक्कीचे पाते एका कडेला उंच आणि दुसऱ्या कडेला उतरते घडवावे लागते, म्हणजे समोरून आलेला वारा त्यावरून घसरतो आणि घसरताना ते ढकलतो. इतके काकांनी सांगितले होते. नियम सांगायला पैजेची आडकाठी नाही, असे त्यांचे मत होते. काकूंनी तो उतार रंध्याने काढला, कानशीने सारखा केला, पॉलिश पेपरने इतका घासला की त्यावर रेशीम ठेवले तरी धागा अडकला नसता.

दुकानदार रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. शनिवारी सकाळी मुलगा आला आणि मायलेकांनी पवनचक्की उचलून बागेच्या कोपऱ्यात ठेवली. काकांची खुर्ची तिथे नेली. वारा चांगला होता, शेजारणीच्या दोरीवरच्या चादरी फडफडत होत्या. काकूंनी आसाच्या टोकावरच्या तुंब्यात, त्याच्या चौथ्या भोकात, शेवटचे पाते ठोकून बसवले आणि त्या मागे सरल्या.

पवनचक्की थरथरली. पाती थोडी डावीकडे गेली, तितकीच उजवीकडे आली आणि जागच्या जागी कापत उभी राहिली. चादरी जोरात फडकल्या तशी ती जास्त कापू लागली, एवढेच. मुलाने बेअरिंग तपासले. बोट लावले की आस लोण्यासारखा फिरत होता. वाऱ्याने मात्र फिरत नव्हता.

"शोभेचीच आहे ना?" शेजारीण भिंतीवरून म्हणाली. "मग उभी राहिली तरी चालेल की."

काका उठले. चाचपडत मनोऱ्यापर्यंत आले आणि एकेका पात्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. चौथ्या पात्यावर त्यांचा हात थांबला, पुन्हा पहिल्यावर गेला. ओठाचा कोपरा जरा हलला. त्यांना कळले होते. काकूंनाही कळले की त्यांना कळले आहे.

"काय चुकलं?" काकूंनी विचारले.

"पैज आहे. मी पलीकडच्या बाजूचा," काका म्हणाले आणि खुर्चीकडे वळले.

"बाबा, सांगा ना तिला. काय पोरखेळ लावलाय?"

"नको," काकू म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं तर मी ऐकणार नाही."

मुलाने हात जोडले. आई, पुष्कळ झालं, तो म्हणाला. कौतुक झालं, हौस झाली, उद्या माणूस येतोय. काकूंनी पाती उपसली, काखेत मारली आणि खोलीत नेली.

बाकावर त्यांनी ती ओळीने मांडली. मांडताना हात आपोआप गेला तसा जाऊ दिला. पहिल्या पात्याशेजारी दुसरे, तोंडाला तोंड लावून. तिसऱ्याशेजारी चौथे, तसेच. इस्त्रीला काढलेल्या बाह्या ठेवाव्यात तशी. मग त्या बघत राहिल्या आणि बाकाला टेकून एकट्याच हसू लागल्या.

बाह्याच होत्या त्या. एक डावी, एक उजवी. जन्मभर कापड दुमडून कापलेले, जे काही करायचे त्याचा जोड करायचा, एकाचे तोंड दुसऱ्याकडे. हाताला दुसरे ठाऊकच नव्हते. नमुन्याचा कागद एकदा सुलटा ठेवला, एकदा उलटा, आणि त्यांचे त्यांना समजलेही नाही. दोन पाती डावीकडे ओढत होती, दोन उजवीकडे. सदऱ्याला हे हवे असते. वाऱ्याला चारही एका हाताची लागतात. आणि कापडाची बाही चुकली तर आतली बाजू बाहेर काढून निदान भागवता येते. लाकूड कुठे उलटे करणार?

मुलाला त्यांनी हे सांगितले. त्याला एकदम हुरूप आला. मग सोपे आहे, तो म्हणाला, चुकीची दोन काढून टाक. समोरासमोर दोन ठेव, तोल राहील, फिरेलही, पैज जिंकशील. बाबा काही म्हणाले तर मी बघतो.

"आणि तुंब्यातली दोन भोकं?"

"बुजवू."

"दोन पात्यांची पवनचक्की म्हणजे एका बाहीचा सदरा," काकू म्हणाल्या. "घालता येतो. घालून बाहेर जाता येत नाही."

पण लाकूड संपले होते. फळीचे तुकडे होते ते एक तर आखूड, नाही तर गाठीचे. दुकाने धुंडाळायला वेळ नव्हता. काकू घरात गेल्या, बोळात यंत्रापुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या. यंत्राच्या डाव्या अंगाला बिजागरीची सागवानी फळी होती. शिवलेले कापड तिच्यावर पसरते, जमिनीवर घसरत नाही. त्या फळीशिवाय मोठे शिवण होत नाही. काकूंनी स्क्रू काढले.

फळी घेऊन त्या बागेतून गेल्या तेव्हा काकांनी खुर्चीतून विचारले की बिजागरीसारखे काय वाजले. काकूंनी सांगितले. काका म्हणाले, "ती मीच बसवली होती."

"माहीत आहे. घट्ट बसवली होती. स्क्रू निघेनात."

संध्याकाळपर्यंत एक पाते झाले, सकाळी उठून दुसरे. या वेळी काकूंनी नमुन्याच्या कागदाची पाठची बाजू काळ्या रंगाने रंगवून टाकली, म्हणजे हाताने दगा दिला तरी डोळ्यांना दिसावे. व्हार्निशला वेळ उरला नाही. आधीची दोन पाती फिकट, सागवानी दोन गडद तपकिरी, त्यांतल्या एकात स्क्रूची दोन जुनी छिद्रे. फिकट समोरासमोर, गडद समोरासमोर. दुकानदाराचा टेम्पो गल्लीत वळला तेव्हा काकू शेवटची पाचर ठोकत होत्या.

आणि वारा पडला होता. पान हलत नव्हते.

दुकानदार उमदा माणूस होता. त्याला मुलाने सगळी हकीकत सांगितली. तो पवनचक्कीजवळ आला, कौतुकाने बघू लागला आणि त्याने बोटाने पाते ढकलले. चारही पाती गरगर फिरली. "फिरते की हो," तो म्हणाला.

"हाताने सगळंच फिरतं," काकू म्हणाल्या. "हात काढा."

त्याने हात काढला. पाती थांबली. सगळे जण झाडांकडे बघू लागले. मुलाने सुचवले की सामान चढवायला तरी सुरुवात करू, वारा आला तर उतरवता येईल. दुकानदार अवघडला. टेम्पोवाल्याला पुढची भाडी होती. तेवढ्यात काका उठले. कालच्यासारखाच अंगठा पात्यांवरून फिरवला, सावकाश, चारही.

"राहू दे रे," ते मुलाला म्हणाले. "एका हाताची आहेत. वारा नाही ही काही तिची चूक नव्हे. पाठव त्यांना परत."

मुलाने सुटकेचा श्वास सोडला. दुकानदार टेम्पोकडे वळलाही. पण काकू वाटेत उभ्या राहिल्या.

"पाठवायचं नाही," त्या म्हणाल्या. "वाऱ्यावर फिरली तर, असं ठरलंय. मला मेहेरबानी नको. टेम्पो थांबू दे. नाही फिरली तर एकेक अवजार मी माझ्या हाताने चढवून देईन."

"अगं, मी हरलो म्हणतोय ना?"

"तुम्ही म्हणून कसं चालेल?"

दुकानदाराला चहा झाला, टेम्पोवाल्याला झाला. ऊन भिंतीवरून उतरून बागेत आले. टेम्पोवाला पुढच्या भाड्याला फोन करून आला आणि पायरीवर बसला. तोही आता जायला तयार नव्हता. शेजारीण भिंतीशी उभी होती ती हलली नाही, फक्त एकदा आत जाऊन गॅस बंद करून आली. बोलायचे विषय संपले. काकू बसल्या नाहीत.

आधी वरच्या फांद्या हलल्या. मग गल्लीतून धूळ उठली. पवनचक्कीची पाती थरथरली, आणि मुलाने श्वास रोखला. फिकट पाते खाली आले. गडद वर गेले. फिकट, गडद, फिकट, गडद, आणि मग रंग ओळखता येईनात.

टेम्पोवाला उठून टाळ्या वाजवू लागला. दुकानदाराने सामान बांधायचा दोर गुंडाळला. काकू तिथे फार वेळ थांबल्या नाहीत. खोलीत ढलप्यांचा ढीग पडला होता. त्या केरसुणी घेऊन आत गेल्या.

टेम्पो गेल्याचा आवाज आला, मग दारात काका आले. अंगठा कापला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी आत पाऊल टाकले. भिंतीला हात लावत, करवतींच्या खालून, पटाश्यांच्या खालून ते कोपऱ्यातल्या खुंटीपर्यंत गेले. तिथे त्यांचा कामाचा जुना सदरा अडकवलेला होता. तो त्यांनी काढला, झटकला, घडी घातली, छातीशी धरला. तसेच भिंतीला हात लावत ते बाहेर पडले आणि जाताना दार ओढून घेतले.

काकू केर काढत होत्या. त्यांनी हाक मारली नाही. खुंटीखाली धुळीत सदऱ्याच्या लांबीएवढा भिंतीचा एक स्वच्छ पट्टा दिसत होता. सगळी खोली झाडून झाली, पण तेवढ्या भिंतीवरून त्यांनी केरसुणी फिरवली नाही.