यादीतलं पाचवं

घरात सगळे तिला मुंगी म्हणत, आणि माहेरून आलेलं हे नाव तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपल्या फोल्डरलाही दिलं होतं. ऑफिस म्हणजे सासऱ्यांच्या दोन खोल्या. सासरे जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आले; आता काट्यांना लागणारं सॉफ्टवेअर विकत. त्यातला वजन मोजणारा भाग तिने आठ महिने डोळे फोडून लिहिला होता. धाकट्या दिराने त्याला स्वतःची ठिगळं लावली, आणि गिऱ्हाइकाकडे काटा चुकला तेव्हा हात झटकले.

"माझ्या लॅपटॉपवर तर चालतं, बाबा. वहिनींचा भागच कच्चा होता. तो काढून मी सगळं नव्याने लिहिलंय."

सासऱ्यांनी तिला गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायला फोनवर बसवलं. दीड वर्ष ती दिराच्या चुकांबद्दल परक्या लोकांची माफी मागत होती. नवरा म्हणायचा, "सोड ना, घरातलीच गोष्ट आहे." तिने सोडली नाही. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात, पण हिला साखर नको होती. दिराचं नाक चारचौघांत कापलेलं बघायचं होतं.

मग एका मोठ्या गोदामाचं काम चालून आलं. तिथल्या इंजिनीअर बाईंची अट होती: आमच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायचं नाही, तुमचा कोड कंटेनरमध्ये आमच्यासमोर कंपाइल करून दाखवा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवून दाखवा. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला एक रिकामा, बंद डबा. यादीत लिहू तेवढंच सामान त्यात येतं; बाहेर मशीनवर काय पडलंय ते त्याला दिसत नाही. काम झालं की डबा टाकून द्यायचा.

"वहिनी, डबे भरायचं काम तुमचं," दीर म्हणाला. सासूबाईंसकट सगळे हसले. तीही हसली.

"भरते की. काय काय लागतं ते लिहून द्या, भाऊजी. खाली सही करा, म्हणजे नंतर माझ्यावर यायला नको."

लागेल ते लॅपटॉपवर चढवत गेलेल्या माणसाला, आपल्याला काय काय लागतं हे कुठून आठवणार? त्याने चार नावं खरडली आणि ऐटीत सही ठोकली. पाचवी गोष्ट तिला कोड चाळताना दिसली होती. वजनाचा भाग अजून तिच्याच फोल्डरमधून घेतला जात होता. पत्ता बदलायचे कष्ट नकोत म्हणून या पठ्ठ्याने स्वतःच्या लॅपटॉपवर 'मुंगी' नावाचा तस्साच फोल्डर करून ठेवला होता. चोरी ती चोरी, वर आळस!

"एकदा चालवून बघायचं का?" तिने विचारलं.

"त्यात काय बघायचंय?"

तिने डब्यात मोजून चारच गोष्टी घातल्या.

गोदामाच्या मीटिंगच्या खोलीत, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर अक्षरं सरसर वर गेली आणि थांबली. लाल ओळ आली: 'मुंगी' फोल्डर सापडत नाही.

"माझ्या लॅपटॉपवर तर चालतं!" दीर म्हणाला.

"मग आम्ही तुमचा लॅपटॉप विकत घ्यायचा का?" इंजिनीअर बाईंनी विचारलं.

सासरे स्क्रीनकडे बघत राहिले. काट्यातली खोट ओळखणारा माणूस तो. त्यांना फार वेळ लागला नाही. "मुंगीचं सगळं काढलं होतंस ना तू?"

मुंगीला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिने पर्समधून सही केलेली यादी काढली, वर पेन ठेवलं आणि त्याच्यापुढे सरकवली.

"पाचवं लिहा, भाऊजी. कोणी लिहिलंय तेही लिहा. मग घालते डब्यात."

"वहिनी, इथे नको. घरी बोलू."

"घरी दीड वर्ष होते मी."

त्याने लिहिलं. सासऱ्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग तिने आपला फोल्डर असलेला पेन ड्राइव्ह लावला, यादीत एक ओळ वाढवली, आणि चाळीस सेकंदांत कोड बिनबोभाट कंपाइल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातला फोन वाजला. मुंगी जुन्या टेबलाशी कोड लिहीत बसली होती, तिने मान वर केली नाही. चौथ्या घंटीला दिराने फोन उचलला आणि तावातावाने गिऱ्हाइकाला समजावू लागला.

"भाऊजी," ती म्हणाली, "आधी माफी मागायची असते."